तडजोड सरकारची, पैसे करदात्याचे

सरकारी नोकराने वरिष्ठांविरुद्ध तक्रार केली, त्याची नोकरी गेली, तो कोर्टात गेला आणि शेवटी सरकारने तडजोड केली, अशी बातमी आपण वाचतो. तडजोडीची रक्कम तिजोरीतून कशी निघते, हे मात्र तिथे क्वचितच सांगितलेले असते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका दाव्यात नेमकी हीच पायरी सर्वांत वादळी ठरली.

टेक्सासमध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी, मतदानाने निवडला जातो. २०२०च्या सप्टेंबरअखेर ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्याच वरिष्ठ सहकाऱ्यांनी एफबीआयकडे तक्रार केली. निवडणुकीला देणगी देणाऱ्या ऑस्टिनच्या एका बांधकाम गुंतवणूकदारासाठी ते पदाचा गैरवापर करतात, असा आरोप होता. पॅक्स्टन यांनी तो फेटाळला. पुढच्या काही आठवड्यांत तक्रारदारांपैकी चौघांना काढून टाकण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी दावा लावला.

एरवी राज्यावर त्याच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही. टेक्सासचा व्हिसलब्लोअर कायदा, म्हणजे गैरप्रकाराची तक्रार करणाऱ्या सरकारी नोकराला संरक्षण देणारा कायदा, ही संमती देतो. तक्रार सद्भावनेने आणि योग्य तपास यंत्रणेकडे केलेली असावी लागते. तक्रारीनंतर ९० दिवसांत कारवाई झाली, तर ती तक्रारीमुळेच झाली असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे दाखवायची जबाबदारी सरकारवर येते. दावा जिंकल्यास नोकरी परत, बुडालेला पगार आणि वकिलाची फी मिळू शकते. मानसिक त्रासाच्या भरपाईला मात्र मर्यादा आहे: ५००हून अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयासाठी माणशी २,५०,००० डॉलर. पगार आणि फी यांचे मीटर दावा संपेपर्यंत चालूच राहते, म्हणून रेंगाळलेला दावा महाग पडतो.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. सूड उगवणाऱ्या वरिष्ठाला १५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो कार्यालयाने भरायचा नाही, त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा. त्याच्या वसुलीसाठी दावा कोणी लावायचा? ॲटर्नी जनरलने किंवा सरकारी वकिलाने. इथे तर ॲटर्नी जनरलचे कार्यालयच प्रतिवादी होते.

निवडून आलेला अधिकारी हा ‘सरकारी कर्मचारी’ नव्हे, म्हणून कायदा आपल्याला लागू नाही, असा युक्तिवाद पॅक्स्टन यांच्या बाजूने झाला. अपील कोर्टाने २०२१मध्ये तो नाकारला. फेब्रुवारी २०२३मध्ये तडजोड झाली: चौघांना मिळून ३३ लाख डॉलर, शिवाय त्यांना ‘बंडखोर कर्मचारी’ म्हटल्याबद्दल माफी. चूक मात्र कबूल केलेली नव्हती आणि रकमेला विधिमंडळाची मंजुरी लागणार होती.

टेक्सासच्या राज्यघटनेप्रमाणे विनियोजनाशिवाय, म्हणजे विधिमंडळाने खर्च मंजूर केल्याशिवाय, तिजोरीतून पैसा काढता येत नाही आणि विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, जास्तीत जास्त १४० दिवस भरते. मंजुरीची मागणी आली तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सभापती डेड फेलन यांनी करदात्यांचा पैसा यासाठी वापरण्यास विरोध केला. हे पैसे नक्की कशाचे, हे तपासायला प्रतिनिधिगृहाची चौकशी समिती बसली. २७ मे २०२३ रोजी १२१ विरुद्ध २३ मतांनी पॅक्स्टन यांच्यावर महाभियोग मंजूर झाला. त्यांनी हे पैसे मागितले नसते तर महाभियोगाची वेळच आली नसती, असे समितीनेच लिहून ठेवले आहे. सप्टेंबरमध्ये राज्याच्या सिनेटने त्यांना दोषमुक्त केले.

पैसे न मिळाल्याने तडजोड अडली आणि दावा पुन्हा उभा राहिला. एप्रिल २०२५मध्ये ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायाधीशांनी चौघांना ६६ लाख डॉलर देण्याचा हुकूम दिला. तो कार्यालयाविरुद्ध आहे, म्हणजे देणेकरी पुन्हा करदाताच, आणि ही रक्कम द्यायलाही विधिमंडळाचीच मंजुरी लागते. आपल्याकडे राज्याच्या अर्थसंकल्पात कोर्टाच्या हुकुमाची रक्कम ‘भारित’ खर्चात जाते. तिच्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

मंजुरी अडवून टेक्सासने पैसे वाचवले असे म्हणता येणार नाही. बिल दुप्पट झाले. पण ती मागणी हिशेबाच्या एका ओळीत मुकाट्याने संमत झाली असती, तर चौघांना का काढले याची उघड चौकशी सभागृहाने केलीच नसती.