त्र्याहत्तर विजय आणि एक हार

खेळ म्हटला की हारजीत आलीच. पण वर्षभर जिंकत आलेला संघ अगदी शेवटच्या दिवशी चार गुणांनी हरला, तर काय म्हणावे? अमेरिकेत २०१६ साली असेच घडले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आधी खेळ समजून घेऊ. त्याचे नाव बास्केटबॉल. बास्केट म्हणजे टोपली आणि बॉल म्हणजे चेंडू. १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला. त्याने व्यायामशाळेत उंचावर फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि मुलांना त्यांत चेंडू टाकायला लावले. आता टोपलीच्या जागी लोखंडी कडे असते. ते जमिनीपासून १० फूट उंच असते.

हुतुतूत एका बाजूला सात गडी, इथे पाच. चेंडू हातात धरून पळायचे नाही. तो जमिनीवर आपटत न्यायचा. चेंडू कड्यातून गेला की दोन गुण. जमिनीवर एक कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून टाकला तर तीन गुण. लांबून नेम धरणे अवघड, म्हणून गुण जास्त.

अमेरिकेतल्या पगारी खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धेत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो. मग १६ संघ बाद फेरीत जातात. तिथे दोन संघ पुन्हा पुन्हा झुंजतात. जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो.

कॅलिफोर्नियातला गोल्डन स्टेट वॉरियर्स हा त्यांतला एक संघ. २०१५ साली अजिंक्यपद त्यांच्याकडेच होते. पुढच्या हंगामात त्यांनी पहिले २४ सामने ओळीने जिंकले. प्रशिक्षक स्टीव्ह कर पाठीच्या दुखण्याने घरी होता, तरी काम अडले नाही. त्याच्या मदतनिसाने ४३ सामने सांभाळले. त्यांतले ३९ जिंकले. हंगाम संपला तेव्हा विजय ७३ आणि पराभव फक्त ९! आधीचा विक्रम ७२ विजयांचा होता. तो शिकागोच्या संघाने १९९५-९६ साली केला होता. आणि गंमत बघा, त्या शिकागोच्या संघात हाच स्टीव्ह कर खेळत होता.

संघाचा मोठा मोहरा स्टीफन करी. त्याची उंची सव्वासहा फूट. आपल्याला ती खूप वाटेल, पण या खेळात ती बेताचीच. त्याने उंचीची उणीव नेमाने भरून काढली. त्या हंगामात त्याने तीन गुणांचे ४०२ नेम साधले. त्याआधीचा विक्रम २८६ चा, तोही त्याचाच! दुसरा नेमबाज क्ले थॉम्प्सन. तिसरा ड्रेमंड ग्रीन. तो समोरच्याला अडवी, चेंडू हिसकावी आणि गड्यांना पुरवी. पण स्वभावाने तापट.

अंतिम फेरीत क्लीव्हलँडचा संघ समोर आला. वॉरियर्सनी चारपैकी तीन सामने जिंकले. आता एकच हवा होता. पण चौथ्या सामन्यात झटापट झाली आणि ग्रीनने लेब्रॉन जेम्सला हात मारला. आधीच्या चुकाही त्याच्या नावावर होत्या. नियमाप्रमाणे पाचव्या सामन्यात त्याला बाहेर बसावे लागले. त्या सामन्यात जेम्स आणि कायरी अर्विंग यांनी प्रत्येकी ४१ गुण केले. क्लीव्हलँड जिंकले. सहावा सामनाही त्यांनीच घेतला.

१९ जून २०१६. सातवा सामना. ग्रीनने जिवाचे रान केले. एकट्याने ३२ गुण मिळवले. दोन्ही बाजू ८९ वर अडल्या. एक सोपा चेंडू कड्याजवळ पोचला होता, तो जेम्सने मागून धावत येऊन थोपवला. मग ५३ सेकंद उरले असता अर्विंगने लांबून तीन गुण मारले. शेवटच्या साडेचार मिनिटांत वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही. क्लीव्हलँड ९३, वॉरियर्स ८९.

हे सगळे ग्रीनच्या रागामुळे झाले का? तसे म्हणणे न्यायाचे नाही. करीचा गुडघा आधीच दुखावला होता. संघाचा उंच गडी बोगट पाचव्या सामन्यात जायबंदी झाला. समोरचेही जिद्दीने खेळले. पण ग्रीन त्या दिवशी मैदानात असता, तर निदान एक दार उघडे राहिले असते. हाताबाहेरच्या गोष्टींना इलाज नाही. राग मात्र आपल्या हातात असतो.

७३ विजय कुणी पुसले नाहीत, पण करंडक दुसऱ्याच्या घरी गेला. तरी संघ रुसून बसला नाही. २०१७ साली पुन्हा क्लीव्हलँडशीच गाठ पडली. या वेळी वॉरियर्सनी पाच सामन्यांत निकाल लावला.

सांगा पाहू :
१. लांबून चेंडू टाकल्यास गुण जास्त का?
२. ग्रीनला पाचव्या सामन्यात का बसवले?
३. रागामुळे हातचे काम गेले, असे तुमच्या पाहण्यात आहे काय?