घरची डार्करूम – भाग ५ : मे महिन्यातलं पाणी

मागच्या आठवड्यात काळ्या पिशवीत हात घालून आपण फिल्म रिळावर चढवली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. आता दिवा लावा, खिडकी उघडा. इथून पुढचं काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर, लख्ख उजेडात होतं. घड्याळ घरात असतंच. थर्मामीटर मात्र चांगला आणा. दुसरी लेन्स नंतर घेतली तरी चालेल.

डब्यातल्या फिल्मवर चित्र आहे, पण ते अजून दिसत नाही. जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण पसरलेले असतात. शटर उघडलं तेव्हा ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांत निव्वळ चांदीचे मोजके अणू तयार झाले. हीच सुप्त प्रतिमा. डेव्हलपर त्या अणूंचा धागा पकडून अख्ख्या कणाची चांदी करतो. प्रकाश न लागलेले कणही तो सोडत नाही, फक्त तिथे फार सावकाश जातो. आपलं सगळं चित्र या दोन वेगांतल्या फरकावर उभं असतं. पाणी तापलेलं असलं आणि वेळ तीच ठेवली, तर उजळ भाग निगेटिव्हवर काळेकुट्ट होतात आणि बाकी सगळीकडे करडी झाक चढते.

तक्त्यातली वेळ बहुधा २० अंश सेल्सिअससाठी असते. इल्फर्डची एचपी ५ प्लस फिल्म, आयडी-११ डेव्हलपर पाणी न मिसळता वापरला तर साडेसात मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिशी सहज ओलांडतं. दर अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे तीस अंशांना तीन मिनिटंसुद्धा उरत नाहीत. पाच मिनिटांच्या आत उरकलं, तर डेव्हलपर फिल्मभर सारखा लागत नाही आणि मोकळ्या आकाशात पट्टे उमटतात.

वीस अंशांचा हट्ट मीही बरीच वर्षं धरला. आता २४ अंश धरते आणि डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळते. या मिश्रणाला २० अंशांवर तेरा मिनिटं लागतात, २४ वर सुमारे नऊ. नऊ मिनिटांत हात घाईला येत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी या कामी छान उपयोगी पडतं. मुंबई-कोकणात हवाच दमट, तिथे माठ फारसा गार होत नाही. तिथे बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवी भांड्यात सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकलात तर तो पातळ होईल आणि वेळेचं सगळं गणित चुकेल.

आणि नुसता डेव्हलपर गार करून भागत नाही. भाचीच्या बारशाचा रोल मी बर्फाने जपून गार केलेल्या डेव्हलपरमध्ये धुतला आणि शेवटी भर दुपारी सरळ नळाखाली धरला. जुनी, मऊ जिलेटिनची फिल्म होती. वाळल्यावर भिंगातून पाहिलं, तर बाळाच्या गालावर आटलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा. गारठलेलं जिलेटिन एकदम फुगलं आणि सुरकुतलं. ते पुन्हा सरळ होत नाही. तेव्हापासून डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी मी एकाच परातीत, त्याच पाण्यात उभं करून ठेवते.

डेव्हलपर ओतला की डबा दहा सेकंदांत चार वेळा उलटासुलटा करा, मग ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील. पुढे दर मिनिटाला हेच. वेळ संपली की डेव्हलपर काढून साध्या पाण्याने विसळा आणि हायपो ओता. न बदललेले क्षार हायपोत विरघळतात, हे जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवलं होतं. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये, आणि तेव्हा ही वीस वर्षांपूर्वीची नोंद कामी आली.

हायपो किती वेळ ठेवायचा, हे फिल्मच सांगते. रोलची कापलेली जीभ आधीच वाटीभर हायपोत टाकून पाहा. दुधासारखी धूसर पट्टी कडेपासून निवळत जाते आणि बघता बघता तिच्यातून वाटीचा तळ दिसतो. त्याला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या.

धुण्यासाठी नळ सोडून ठेवू नका, पाणीटंचाईचे दिवस आहेत. डबा भरून पाच वेळा उलटा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन डबे पाण्यात काम होतं. आता झाकण काढा, रिळाचं टोक उजेडाकडे धरा. आजीचे पांढरे केस निगेटिव्हवर काळेभोर दिसतील. पुसायला बोट लावू नका. वाळवायचं कसं, ते पुढच्या आठवड्यात.