पिवळा गोळा आणि तीन मीटरची लाट

दर पावसाळ्यात मुंबईत एक बातमी ठरलेली असते: 'आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.' बातमी वाचून मरीन ड्राइव्हला गर्दी होते. पण तो आकडा लाटेचा नसतोच, भरतीचा असतो. भरतीचं पाणी किती चढणार हे चंद्र-सूर्याच्या गणितावरून वर्षभर आधी छापता येतं. लाट मात्र वाऱ्याची लेक. तिची उंची वर्षभर आधी कुणीच सांगू शकत नाही. ती मोजावी लागते आणि मग तिचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला कळावा, असं मला मनापासून वाटतं.

मोजणारं यंत्र दिसायला साधं आहे. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राच्या जाळ्यातला एक पिवळा गोळा रत्नागिरीसमोरच्या समुद्रात नांगरलेला असतो. त्याचं नाव 'वेव्हरायडर बोया'. हॉलंडमधली डेटावेल कंपनी तो बनवते. व्यास ७० ते ९० सेंटिमीटर. तळाशी वजन, वजनाला दोर आणि दोर व गोळ्याच्या मध्ये रबराची लांब दोरी. सगळी करामत या रबरात आहे. ते ताणलं जातं, म्हणून गोळा लाटेबरोबर मोकळेपणी वरखाली होतो. नुसत्या दोराने जखडला असता, तर मोठ्या लाटेच्या माथ्यावर पोचण्याआधीच तो खाली खेचला गेला असता आणि जी लाट मोजायची तीच हुकली असती. गोळ्याच्या पोटात उंची मोजणारं काही नाही. द्रवात तरंगत्या तबकडीवर त्वरण मोजणारा संवेदक बसवलेला असतो. गोळा कितीही डुलला तरी तबकडी आडवीच राहते. त्वरणाचं एकदा इंटिग्रेशन केलं की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केलं की उंची. अर्ध्या तासात अशा २,३०४ नोंदी होतात.

पाणी सरासरी पातळी ओलांडून वर जातं तिथपासून पुन्हा तसंच वर जाईपर्यंत एक लाट धरतात. समजा, ओळीने नऊ लाटा आल्या: ०.८, १.४, २.१, ०.९, १.७, २.६, १.१, १.९ आणि १.२ मीटर. साधी सरासरी दीड मीटर. पण हवामानाच्या पत्रकात ती येत नाही. सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटा, म्हणजे २.६, २.१ आणि १.९ घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. ती येते २.२ मीटर. ही 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट', आपण तिला लक्षणीय उंची म्हणू. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटांचा अंदाज हवा, म्हणून हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मुंक यांनी कॅलिफोर्नियात ही रीत बसवली. अनुभवी दर्यावर्दी नजरेने जी उंची सांगतो, तिच्याशी ही सरासरी बरीच जुळते. बारीकसारीक लाटा त्याच्या नजरेत भरत नाहीत.

लाटांच्या या गर्दीलाही शिस्त असते, हे १९५२ साली ब्रिटिश गणिती मायकेल लाँगेट-हिगिन्स यांनी दाखवलं. लॉर्ड रॅले यांनी १८८० साली अनेक स्वैर कंपनांच्या बेरजेसाठी काढलेलं सूत्र त्यांनी समुद्राला लावलं. मला या सगळ्या विद्येतला हा सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. पुढची लाट केवढी असेल हे कुणी सांगू शकत नाही, पण हजार लाटांत केवढ्या किती असतील हे सांगता येतं. पत्रकात लक्षणीय उंची तीन मीटर असेल, तर साधारण सातांतली एक लाट तीन मीटरच्या वर जाते. सात सेकंदांना एक या हिशेबाने तासाला पाचशे लाटा येतात आणि त्यांतली सर्वांत मोठी पाच मीटरच्या पुढे असण्याचीच शक्यता अधिक. सहा मीटरची लाट तीन हजारांत एक.

१ जानेवारी १९९५ला नॉर्वेच्या ड्राउपनर या समुद्रातल्या वायुफलाटावरच्या लेसरने २५.६ मीटरची लाट टिपली. भोवतालची लक्षणीय उंची होती १२ मीटरच्या आसपास. रॅलेच्या सूत्राने अशी लाट दहा हजारांत एक, म्हणजे दुर्मीळ पण अशक्य नव्हे. तिचा १८.५ मीटरचा माथा मात्र त्या सूत्रात बसत नाही. खऱ्या लाटांचे माथे टोकदार आणि खळगे पसरट असतात, आणि मूळ सूत्र दोन्ही सारखे धरतं.

तेलफलाट उभारताना अभियंता विचारतो 'शंभर वर्षांची लाट' केवढी. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या 'बॉम्बे हाय' तेलक्षेत्रालाही हा प्रश्न चुकत नाही. ती लाट शंभर वर्षांनीच येते असं नाही. दर वर्षी तिची शक्यता शंभरात एक, म्हणून २५ वर्षांत तिच्याशी गाठ पडण्याची शक्यता २२ टक्के. मोजमाप असतं पाच-दहा वर्षांचं, त्यावरून शंभराचा अंदाज बांधायचा, आणि इथेच खरी जबाबदारी आहे. आपल्या समुद्रात मोसमी वाऱ्यांच्या लाटा एका जातीच्या, चक्रीवादळाच्या दुसऱ्या. मोसमी लाटा दर वर्षी येतात, निसर्ग किंवा तौक्तेसारखी वादळं क्वचित. दोन्ही एकाच पोत्यात भरून वक्र ओढला, तर उत्तर देखणं दिसेल, पण चुकीचं असेल.

मग भरतीचा आकडा निरुपयोगी का? अजिबात नाही. पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन चतुर्थांशाइतकी उंच झाली की लाट फुटते. ओहोटीला मोठ्या लाटा दूरवरच फुटून जातात. उधाणाच्या भरतीला कठड्यापाशी पाणी खोल होतं, आणि त्याच लाटा थेट कठड्यावर येऊन आपटतात. म्हणून बातमीत मीटर दिसले, की ते भरतीचे की लाटेचे हे आधी बघा. पावसाळ्यात उधाणाची भरती असेल, तर खडकांवर उतरू नका. तुमच्यासमोर फुटलेल्या दहा लाटांवरून अकरावीचा अंदाज बांधता येत नाही.