भगवानदादा नाचले, पण तबकडीवर आवाज कुणाचा? ‘अलबेला’च्या गाण्यांची गोष्ट

मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्यात लग्नाची वरात निघते, बँडवाले क्लॅरिनेटवर ‘शोला जो भडके’ची चाल धरतात आणि वरातीतला एखादा काका दोन्ही हात कोपरात वाकवून, खांदे हलवत, जागच्या जागी पाय घसरवायला लागतो. बघणारे म्हणतात, ‘काका भगवान झाले!’

१९५१ साली आलेल्या ‘अलबेला’ या चित्रपटातला हा नाच सत्तर वर्षांनंतरही लोकांच्या अंगात आहे. त्याची गाणी आजही ‘भगवानदादांची गाणी’ म्हणून ओळखली जातात. पण डोळे मिटून ती गाणी ऐकली, तर त्यांत भगवानदादांचा आवाज सापडत नाही. मग नाचणाऱ्या कलावंताच्या गाण्यांत त्याचं स्वतःचं नेमकं काय असतं? आणि त्या गाण्यांवर हक्क कुणाचा?

दशावतारात गाणारा आणि नाचणारा एकच

सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला हा प्रश्न थोडा विचित्र वाटेल. कारण इथल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारात गायक वेगळा आणि नट वेगळा असं नसतं. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर किंवा आजगावकर, मंडळ कोणतंही असो, राजाचं सोंग घेणारा नट स्वतःच पद म्हणतो, स्वतःच युद्धनृत्य करतो आणि संवादही बहुतेक वेळा तिथल्या तिथे रचतो. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. आवाज बसला तर बसलेल्या आवाजात पद होतं. पाय आणि गळा एकाच माणसाचे असतात.

मराठी संगीत नाटकाचीही हीच रीत होती. बालगंधर्वांच्या तबकडीवर बालगंधर्वच ऐकू येतात. सुरुवातीच्या बोलपटांतही नट-नट्या कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात होत्या. १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नंतर चित्रीकरण करण्याची पद्धत वापरली आणि हळूहळू हिंदी चित्रपटातला गळा आणि चेहरा वेगळे झाले. नावांचा घोळ मात्र बरीच वर्षं चालला. ‘महल’ (१९४९) चित्रपटातलं लता मंगेशकरांचं गाजलेलं गाणं तबकडीवर सुरुवातीला ‘कामिनी’ या पात्राच्या नावाने छापलं गेलं होतं.

हॉलिवूडमध्ये काय होत होतं?

त्याच काळात हॉलिवूडमध्ये नाच-गाण्याच्या चित्रपटांचा सर्वांत मोठा नट होता फ्रेड अ‍ॅस्टेअर (१८९९–१९८७). तो नाचायचा आणि गायचाही. त्याचा आवाज भरदार नव्हता, पण शब्द स्पष्ट आणि लय पक्की. म्हणून अर्व्हिंग बर्लिन, जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर यांच्यासारखे संगीतकार त्याच्यासाठी गाणी लिहीत. ‘टॉप हॅट’ (१९३५) चित्रपटातल्या ‘चीक टू चीक’ची त्याची तबकडी अमेरिकेत त्या वर्षातल्या सर्वाधिक गाजलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली.

१९५२ साली निर्माता नॉर्मन ग्रँझ याने अ‍ॅस्टेअरला पियानोवादक ऑस्कर पीटरसन आणि इतर जॅझ वादकांसोबत स्टुडिओत बसवलं आणि त्याची जुनी गाणी नव्याने मुद्रित केली. ‘द अ‍ॅस्टेअर स्टोरी’ नावाचा हा चार लाँग प्ले तबकड्यांचा संच पुढच्या वर्षी बाजारात आला. त्यात काही तुकडे असे आहेत की, तिथे अ‍ॅस्टेअर गात नाही, फक्त नाचतो. टॅप नाचाच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे पायाचा ठेका तबल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे या नटाचा गळाही तबकडीवर उतरला आणि पायही.

अर्थात हॉलिवूडमध्ये उसना आवाज नव्हता असं नाही. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) हा चित्रपटच एका नटीला दुसरीने आवाज देण्यावर आहे. त्यात आवाज देणारी मुलगी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्या एका गाण्याला प्रत्यक्षात बेटी नॉइज हिचा आवाज आहे. फरक इतकाच की, तिकडे हे लपवलं जायचं आणि आपल्याकडे ती उघड पद्धत झाली.

पडद्यावर भगवान, तबकडीवर चितळकर

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीत झाला. पालव हे आडनाव सिंधुदुर्गातही ओळखीचं. वडील गिरणी कामगार होते. मूकपटांपासून काम करत भगवान पुढे कमी खर्चातले मारधाडीचे चित्रपट काढू लागले. हे चित्रपट कामगार वस्त्यांमध्ये चालायचे.

याच काळात त्यांची मैत्री जमली ती पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) या तरुणाशी. ‘वनमोहिनी’ (१९४१) या भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या तमिळ चित्रपटाला चितळकरांनी संगीत दिलं आणि हिंदीत ‘सुखी जीवन’ (१९४२) ही संधीही त्यांना भगवान यांच्यामुळेच मिळाली. हेच पुढे सी. रामचंद्र म्हणून प्रसिद्ध झाले. संगीतकार म्हणून त्यांचं नाव ‘सी. रामचंद्र’ आणि गायक म्हणून ‘चितळकर’ असं छापलं जायचं. ही दोन वेगळी माणसं आहेत असं अनेक श्रोत्यांना वाटायचं.

राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिल्यावर भगवान यांनी ‘अलबेला’ केला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक ते स्वतःच. नायिका गीता बाली, गीतकार राजेंद्र कृष्ण. ‘शोला जो भडके’, ‘भोली सूरत’, ‘शाम ढले’ या गाण्यांत भगवान यांच्या तोंडी आवाज चितळकरांचा आहे.

हा आवाज भगवान यांना इतका का शोभला? गाणारा कुणी परका नव्हता, दहा वर्षांची ओळख असलेला मित्र होता. भगवान देखणे नव्हते. ठेंगणे, जाडसर, शेजारच्या बिऱ्हाडातले वाटावेत असे. चितळकरांचं गाणंही तसंच आहे. सूर पक्का, पण ऐट नाही, बोलता बोलता गायल्यासारखं. गाणं आधी मुद्रित होऊन नंतर सेटवर भोंग्यावर वाजवलं जात असल्यामुळे संगीतकाराला नाच डोळ्यांसमोर आणूनच लय ठरवावी लागायची. सी. रामचंद्रांना भगवान यांची चाल माहीत होती. भराभर पाय टाकणारा हा नाचणारा नव्हता. म्हणून ‘शोला जो भडके’ची लय नाचरी आहे, पण घाईची नाही.

अ‍ॅस्टेअरचे पाय तबकडीवर वाजतात, भगवान यांचे वाजत नाहीत. ते बोंगोच्या ठेक्यात आणि ओळींच्या मधल्या मोकळ्या जागांत शोधावे लागतात.

तेरेखोलच्या पलीकडचे वादक

तो बोंगो आणि ट्रम्पेट आले कुठून? सिंधुदुर्गाच्या दक्षिण सीमेवरची तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी वाचन शिकवलं जायचं. त्यातले अनेक जण पोटापाण्यासाठी मुंबईला गेले. रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वादन, असा त्यांचा दिनक्रम होता.

बार्देशमधल्या हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ हे त्यांपैकीच. लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रम्पेट वाजवणारे वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध होते. त्यांनी सी. रामचंद्रांचे सहायक म्हणून काम केलं आणि ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

हॉलिवूडच्या नाचगाण्यांशी या चालींचा थेट संबंधही होता. ‘समाधी’ (१९५०) मधलं सी. रामचंद्रांचं ‘गोरे गोरे’ हे गाणं ‘डॉल फेस’ (१९४५) चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायलेल्या एका गाण्यावर बेतलेलं आहे.

तीन मिनिटांत बसवलेला नाच

त्या काळची तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण मावायचं. चित्रपटात नाचासाठी लांबवलेला वाद्यांचा भाग तबकडीवर आणताना छाटावा लागायचा, नाहीतर गाणं दोन बाजूंना विभागावं लागायचं. साहजिकच कात्री आधी नाचाच्या जागेवर पडायची.

कोकणात फोनो असलेली घरं मोजकी होती. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या कानांवर ही गाणी चित्रपटगृहांत, हॉटेलांत आणि रेडिओवर पडली. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन धरला. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर ही गाणी पुन्हा देशी रेडिओवर आली.

वरातीच्या बँडने उलटंच केलं. त्यांनी शब्द आणि गायक दोन्ही वगळून फक्त चाल आणि ठेका ठेवला. तबकडीवर नाचाशिवाय आवाज होता, वरातीत आवाजाशिवाय नाच आला.

हक्क कुणाच्या वाट्याला?

‘अलबेला’ने भगवान यांना जुहूचा बंगला आणि मोटारींच्या ताफ्याचं वैभव दाखवलं. पण ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ (१९६६) चालले नाहीत. बंगला, मोटारी गेल्या. नंतर अनेक चित्रपटांत ते एखाद्या गाण्यात तेच ओळखीचं पाऊल टाकण्यापुरते दिसत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतल्या घरी त्यांचं निधन झालं. तोवर गाणी वाजतच होती. मग कायदा काय सांगतो?

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. पहिला ध्वनिमुद्रणाचा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार तो प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०११ अखेर संपली. दुसरा चालीचा आणि तिसरा शब्दांचा. हे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. सी. रामचंद्र १९८२ मध्ये आणि राजेंद्र कृष्ण १९८७ मध्ये गेले. त्यामुळे जुनी तबकडी मुक्त झाली, तरी तीच चाल आणि शब्द वापरून नवं गाणं करायचं तर परवानगी लागते.

या यादीत नाचणारा कुठेच नाही. १९९४ च्या दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ ही व्याख्या कायद्यात आली. तिच्यात नट, गायक, वादक यांच्यासोबत नर्तक, कसरतपटू आणि गारुड्याचाही उल्लेख आहे. पण २०१२ पर्यंत त्याच कायद्यात अशीही तरतूद होती की, सादरकर्त्याने चित्रपटात आपली कला वापरायला एकदा संमती दिली, की त्या चित्रपटापुरते त्याचे हे हक्क लागू होत नसत. व्यावसायिक वापरात सादरकर्त्यांना मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत झाली. तोपर्यंत भगवानदादांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

आणि ते पाऊल? लेखी किंवा अन्य स्वरूपात नोंदवलेल्या नृत्यरचनेला कायदा संरक्षण देतो. पण खांदे हलवत पाय घसरवण्याच्या दोन-चार साध्या हालचालींवर मालकी सांगणं जवळपास अशक्य आहे. म्हणूनच ते पाऊल पुढच्या नायकांनी उचललं आणि वरातीतल्या काकांनीही.

जत्रेतल्या मोबाइलचं काय?

आज सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार सुरू झाला की समोर डझनभर मोबाइल उभे राहतात. सकाळपर्यंत पदं आणि युद्धनृत्यं यूट्यूबवर चढलेली असतात. काही वाहिन्यांना त्यावर जाहिरातीही मिळतात.

दशावतारी कलावंताची बाजू इथे भगवानदादांपेक्षा भक्कम आहे. प्रत्यक्ष रंगमंचावर गाणारा-नाचणारा कलावंत कायद्याच्या व्याख्येत थेट बसतो. आपल्या प्रयोगाचं ध्वनी किंवा दृश्य मुद्रण करू द्यायचं की नाही आणि ते लोकांपर्यंत पोहोचवायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. हा हक्क प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं राहतो.

फक्त संमती देताना ती कशासाठी, किती काळासाठी आणि उत्पन्नात वाटा किती, हे लेखी असणं महत्त्वाचं. तोंडी ‘होय, करा शूटिंग’ म्हटल्यावर पुढे काय ठरलं होतं, ते सिद्ध करणं कठीण जातं. मंडळाच्या मालकाने अशी लेखी अट घातली, तर पद म्हणणारा नट, पेटीवाला आणि मृदंगवाला या सगळ्यांची नावं आणि वाटे त्यात लिहून घेता येतात. ‘अलबेला’च्या तबकडीवर चितळकरांचं नाव होतं, लताबाईंचं होतं. ज्याच्या पायांसाठी ती लय बांधली, त्याचं नाव मात्र तिच्यावर गायक म्हणून येणं शक्यच नव्हतं. दशावतारात गळा आणि पाय एकाचेच असल्यामुळे तिथे ती अडचण नाही.