दुधाळ इंजेक्शन आणि दुपारची लोकल

सकाळी एन्डोस्कोपीसाठी दाखल व्हायचे आणि जेवणाच्या वेळेला घरी परतायचे, हे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आता नेहमीचे झाले आहे. ही सोय शक्य करणाऱ्या औषधांत प्रोपोफॉलचा वाटा मोठा. रुग्णांच्या लक्षात ते राहते ‘दुधासारखे इंजेक्शन’ म्हणून. शिरेत थोडी आग होते, अर्ध्यापाऊण मिनिटात डोळे मिटतात आणि ‘झालं सुद्धा?’ असे विचारतच माणूस जागा होतो.

पांढरा रंग मूळ औषधाचा नाही. प्रोपोफॉल पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून ते सोयाबीनच्या तेलात मिसळून अंड्याच्या बलकातील लेसिथिनने एकजीव करतात. ही युक्ती पहिल्या फटक्यात साधली नव्हती. आयसीआय कंपनीत पशुवैद्यक इयन ग्लेन यांच्या कामातून पुढे आलेल्या या औषधाच्या माणसांवरील चाचण्या १९७७ मध्ये सुरू झाल्या. पण ज्या द्रवात ते मिसळले होते, त्याचीच काहींना तीव्र ॲलर्जी झाली. नव्या रूपात ते ब्रिटनमध्ये आले १९८६ साली. त्याआधी थायोपेंटोनचे राज्य होते. त्यात झोप लगेच लागे, पण सुस्ती दिवसभर पाठ सोडत नसे.

मेंदूतील ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींना शांत करते. प्रोपोफॉल त्याचा जोर वाढवते. मात्र त्यामुळे वेदना थांबत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेत वेदनाशामक वेगळे द्यावे लागते.

जाग चटकन येते ती औषध शरीरातून गेल्यामुळे, असा गैरसमज आहे. मेंदूत पोचलेले औषध काही मिनिटांत स्नायू आणि चरबीकडे वळते, म्हणून माणूस डोळे उघडतो. यकृत आपले काम करत असते, पण पुरता निचरा व्हायला वेळ लागतो. बोलणे स्वच्छ असते, तोल आणि निर्णय मात्र तितके भरवशाचे नसतात. दुपारच्या लोकलला दारात लटकून एकट्याने डोंबिवली गाठणे यात बसत नाही. सोबत माणूस हवा आणि २४ तास स्कूटर नको.

खरी जोखीम श्वासाची. डोस जरा जास्त झाला, किंवा वृद्ध रुग्णाला नेहमीचाच दिला, तरी श्वास थांबू शकतो, रक्तदाब घसरतो. यावर उतारा देणारे औषध नाही. श्वास परत येईपर्यंत मास्क आणि पिशवीने तो द्यावा लागतो. २००९ मध्ये मायकल जॅक्सनचा मृत्यू झाला तो याच औषधाने, घरच्या शयनगृहात, पुरेशा देखरेखीशिवाय. म्हणून दुर्बीण घालणारा डॉक्टर आणि भूल सांभाळणारा डॉक्टर वेगळे असावेत. भूलतज्ज्ञाचे नाव आधी विचारून घेण्यात संकोच नको. बिलात त्यांची फी दिसली की कुरकुर होते, पण तो पैसा इंजेक्शन टोचण्याचा नसून डोक्याशी उभे राहण्याचा असतो.

राहिला चहा. ‘उपाशीच आहे, फक्त अर्धा कप चहा घेतला,’ हे वाक्य भूलतज्ज्ञ रोज ऐकतात. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा अन्नात मोजतात, त्याला सहा तास हवेत. बेशुद्धीत पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. चहा झाला असेल तर तसे सांगावे. तपासणी दुपारी होईल, नाहीतर उद्या.