अठ्ठेचाळीस आणि एकोणीस : संसदेतील महाराष्ट्राविषयीचे गैरसमज

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य निवडून जातात, आणि लोकसभेच्या बाबतीत ८० जागांच्या उत्तर प्रदेशानंतर याच राज्याचा क्रमांक लागतो. राज्याचा विस्तार मोठा म्हणून जागा अधिक, ही समजूत मात्र साध्या तुलनेपुढेही टिकत नाही, कारण क्षेत्रफळात देशात पहिल्या असलेल्या राजस्थानला २५ जागा आहेत, तर त्याच्या सुमारे चौथाई असलेल्या पश्चिम बंगालला ४२. राज्यघटनेच्या ८१ व्या अनुच्छेदानुसार हे वाटप लोकसंख्येवर आधारलेले असून, लोकसंख्या व जागा यांचे गुणोत्तर सर्व राज्यांत शक्य तितके सारखे राहावे, असा त्याचा दंडक आहे.

यातूनच दुसरा आणि अधिक खोलवर रुजलेला गैरसमज निर्माण झाला आहे, तो म्हणजे दर जनगणनेनंतर जागा वाढतात. पूर्वी तसे घडत असे. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राला ४४ जागा होत्या, १९६७ मध्ये ४५ झाल्या आणि १९७७ मध्ये ४८. तथापि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांचा वाटा १९७१ च्या जनगणनेवर गोठवला, आणि कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांना त्यापायी जागा गमवाव्या लागू नयेत, या विचाराने या गोठवणुकीची मुदत पुढे ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवण्यात आली. हेतू रास्त होता, पण त्याची किंमतही ध्यानात घ्यावी लागते : १९७१ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख, म्हणजे ४८ जागांच्या हिशेबाने एका खासदारामागे साडेदहा लाख माणसे होती, २०११ मध्ये ती ११ कोटी २४ लाखांवर गेली आणि तोच भार २३ लाखांच्या पुढे पोहोचला. एवढ्या माणसांची गाऱ्हाणी एकाच प्रतिनिधीने दिल्लीपर्यंत न्यावीत, ही अपेक्षा दिवसेंदिवस अवघड होत गेली आहे.

२००८ च्या परिसीमनाने, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या प्रक्रियेने, राज्याच्या जागा बदलल्या असेही काहींना वाटते. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ ची लोकसंख्या धरून राज्यांतर्गत सीमा बदलल्या, एकूण संख्या नव्हे. कोकणातील कुलाबा, रत्नागिरी व राजापूर या तीन मतदारसंघांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे दोनच उरले, तर तत्कालीन ठाणे जिल्ह्यात दोनांचे चार झाले. नोकरीधंद्यासाठी गाव सोडून शहराकडे गेलेल्या माणसांबरोबर मतदारसंघही सरकले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

राज्यसभेत सर्व राज्ये समान असतात, हा समज बहुधा अमेरिकेच्या सिनेटवरून आला असावा, कारण तेथे प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. भारतात घटनेच्या चौथ्या अनुसूचीने राज्यनिहाय संख्या ठरवून दिली असून, तीत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला एक जागा आहे. या सदस्यांना विधानसभेचे निर्वाचित आमदार निवडतात. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांना येथे मताधिकार नाही. निवडणूक पसंतीक्रमाच्या मतांनी होते, म्हणून सहा जागा असून सर्व २८८ आमदारांनी वैध मतदान केल्यास पहिल्या पसंतीची ४२ मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रात राहणारे राष्ट्रपतीनियुक्त सदस्य मात्र या १९ मध्ये मोजले जात नाहीत. १९९९ ते २००५ या काळात लता मंगेशकर राज्यसभेत होत्या, त्या राज्याच्या प्रतिनिधी म्हणून नव्हे.

राज्यसभेचा सदस्य त्या राज्याचा रहिवासी असलाच पाहिजे, ही धारणाही आता कालबाह्य आहे. उमेदवाराचे नाव संबंधित राज्याच्या मतदारयादीत असण्याची अट २००३ मध्ये कायद्यातून वगळण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला. राज्यांचे सभागृह म्हणवणाऱ्या संस्थेचा तिच्या नावाशी असलेला संबंध त्यामुळे निश्चितच सैल झाला.