पाण्यातून वर येणारे गाव

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी उतरले की आमच्या गावासमोर एक बेट दिसू लागते. ते बेट म्हणजे आमचे जुने गाव. ते करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होते. १९८० साली धरण पूर्ण झाले. त्या धरणात जुने गाव बुडाले. आता आपण राहतो ते नवे गाव.

मागच्या मे महिन्यात मी, आजी आणि तात्या होडीत बसून बेटावर गेलो. सगळीकडे दगडांच्या रांगा होत्या. आजी भराभर चालत गेली आणि एका जागी थांबली. म्हणाली, "हितं आमची चूल हुती." मला चूल दिसली नाही. फक्त भाजून लाल झालेली माती दिसली. मी तिथली दोन खापरे पिशवीत टाकली. मग बेटभर फिरून आणखी पुष्कळ गोळा केली.

शाळेत ती गुरुजींना दाखवली. गुरुजींनी विचारले, "यातली चुलीजवळची कोणती?" मला सांगता येईना. सगळी एकाच पिशवीत होती. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "वस्तू कुठे पडली होती हे ठाऊक असेल तरच ती बोलते." मग त्यांनी इनामगावची माहिती सांगितली.

इनामगाव पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. घोड नदी भीमेला मिळते आणि तेच पाणी आपल्या उजनीत येते. तिथे १९६८ ते १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी खोदकाम केले. सांकलिया सर आणि ढवळीकर सर त्यात होते. तिथे सुमारे ३६०० वर्षांपूर्वी लोक राहायला आले आणि सुमारे ९०० वर्षे राहिले. त्यांना लिहिता येत नव्हते. मग हे कसे कळले? मातीच्या थरांवरून. दुरडीत पहिली भाकरी तळाला असते, तसा सर्वांत जुना थर सर्वांत खाली असतो.

जळालेले दाणे सापडले, त्यावरून ते सातू पिकवत हे कळले. त्यांनी बांध घालून पुराचे पाणी पाटाने नेले होते. लहान मूल वारले तर त्याला मातीच्या रांजणात ठेवून घरातच पुरत. खालच्या थरांत मोठी चौकोनी घरे आहेत, वरच्या थरांत लहान गोल झोपड्या आहेत. पाऊस कमी झाला आणि लोक गरीब झाले, असे संशोधक म्हणतात. शेवटी ते गाव सोडून गेले. खापरे पिशवीत भरून आणली असती, तर यातले काहीच कळले नसते.

स्वित्झर्लंड देशातही असेच झाले. १८५४ च्या हिवाळ्यात झुरिकच्या तळ्याचे पाणी फार उतरले आणि तळातून लाकडी खांब वर आले. ते हजारो वर्षांपूर्वीच्या घरांचे होते. ते महत्त्वाचे आहेत हे ओळखून शहरातल्या विद्वानांना कोणी कळवले, माहीत आहे? गावच्या शाळेतल्या एप्ली नावाच्या गुरुजींनी!

आता बेट पुन्हा पाण्याखाली आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी पिशवी नेणार नाही, वही नेणार आहे. आजी दाखवील तसा घरांचा नकाशा काढीन. इनामगावच्या लोकांना विचारायला कोणी उरले नव्हते. आपल्याला आजी-आजोबा आहेत.

पालकांना विनंती आहे. तुमचे घर जुन्या गावात कुठे होते ते शाळेत येऊन सांगा. वही टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर आमची चूल काढली आहे.

— इयत्ता चौथी